रूममेटचा दिवस

शुक्रवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी धाकटी टेबलाशी बसून निबंधाची स्वच्छ प्रत काढत होती. निळं पेन, रेघी कागद, डावीकडे चार बोटं समास. रशियन अक्षरं काढताना तिचा हात अजून इतका जड पडायचा, की कागदाच्या पाठीवर प्रत्येक ओळ बोटांना लागत असे. खोलीत दोन पलंग होते. एकावर तिची रजई चुरगळून पडली होती. दुसरा नीट आवरलेला होता, उशी बरोबर मधोमध. त्या पलंगावर झोपणारी ताई पन्नास मिनिटांपूर्वी बाहेर पडली होती, आणि धाकटी त्या घटकेला नेमकं तेच लिहीत होती: ती ५:५० ला बाहेर पडते.

निबंधाचा विषय होता ‘माझ्या रूममेटचा दिवस’. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

तीन बहिणींतली शेवटची म्हणून ती घरी धाकटी. वसतिगृहात आली त्या दिवशी ताईने विचारलं, घरी काय म्हणतात तुला, आणि तेच नाव इथेही लागलं. ताई तिची सख्खी कोणी नव्हे. चौथ्या वर्षाला, शेवटच्या परीक्षेला बसणारी, आणि चार मजल्यांच्या त्या इमारतीत धाकटीची भाषा बोलणारी एकटीच. कचेरीने दोघींना एका खोलीत टाकलं तेव्हा ताई म्हणाली होती, चला, आता भांडायला तरी कोणी मिळालं.

धाकटीचे वडील एका कारखान्यात फिटर आहेत. कारखान्यात चाळीस वर्षांपूर्वीची आठ रशियन यंत्रं आहेत, त्यांची माहितीपुस्तकं लोखंडी कपाटात आहेत आणि ती वाचणारा माणूस दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. तेव्हापासून यंत्र बिघडलं की वडील चित्रं बघून अंदाजाने खोलतात. लहानपणी धाकटी डबा घेऊन जायची, तेव्हा यंत्रावरच्या पितळी पट्टीवरची अक्षरं बोटाने गिरवायची. मालकाने शब्द दिला आहे, मुलगी भाषा शिकून, प्रमाणपत्र घेऊन आली की ती जागा तिची. एवढ्या भरवशावर तिला विमानात बसवलं. विमानतळावर आई रडली, वडिलांनी मात्र फक्त पासपोर्ट कुठल्या खिशात आहे ते तीनदा विचारलं.

पहिले काही दिवस तिच्या लक्षात राहिले ते आवाजांमुळे आणि दारांमुळे. दारं जड होती आणि सोडली की पाठीमागे आपटत. खिडक्यांना दुहेरी काचा होत्या, त्यामुळे रस्त्यावरच्या माणसांची तोंडं हलताना दिसत आणि ऐकू काहीच येत नसे. दुकानात, बसमध्ये, जेवणघराच्या रांगेतही तिला तसंच वाटत राहिलं. बोलणं ऐकू यायचं, पण काचेपलीकडून. लोक तिच्याकडे बघून काहीतरी म्हणत, ती हसत असे. पुढे तिच्या लक्षात आलं, की हसलं की लोक जास्त रोखून बघतात. तिने हसणं कमी केलं.

वसतिगृहाच्या तळमजल्यावर चाव्यांचा फळा होता. बाहेर जाताना खोलीची चावी तिथे द्यायची, आल्यावर घ्यायची, आणि प्रत्येक वेळ रजिस्टरमध्ये चढायची. ते काम करणाऱ्या बाईला मुली चावीमावशी म्हणत. साठीला टेकलेली, पायात लोकरी मोजे, टेबलाखाली शेगडी. धाकटीचे पहिले वीस शब्द मावशीनेच शिकवले. चावी दाखवून चावी, कप दाखवून कप, आणि स्वतःच्या गुडघ्यावर चापट मारून ‘दुखतं’. वसतिगृहाचं दार सकाळी सातला उघडतं. ताईसाठी ते सहाला दहा मिनिटं कमी असताना उघडायचं, आवाज न करता. रजिस्टरमध्ये मात्र ताईच्या नावापुढे रोज सात पाच अशी वेळ पडायची.

यामागचं कारण साधं होतं. ताईला मिळणारी शिष्यवृत्ती पंधरा तारखेपर्यंत पुरायची. उरलेल्या दिवसांसाठी ती एका हॉटेलच्या धोबीखान्यात सहा ते आठ चादरींना इस्त्री करायची. परदेशी विद्यार्थ्याने काम करायचं नाही, असा शिक्का तिच्या राहण्याच्या परवान्यावर होता, आणि धाकटीच्याही. धाकटीने तो शिक्का पाहिला होता. वाचता आला नव्हता. ताई रोज आठनंतर धावत थेट वर्गात जायची, आणि तिच्या कपड्यांना दिवसभर गरम सुताचा वास यायचा.

वर्गात शिकवण्याची एक रीत होती. पहिले चार महिने शब्दकोश नाही, दुसरी कुठलीही भाषा नाही. बाई वस्तू दाखवणार, मुलं तिचं नाव घेणार. दर आठवड्याला एक निबंध, आणि त्याचा नियम बाईंनी हातवारे करून समजावला होता: जे आहे तेवढंच लिहायचं, घड्याळ बघून, आकड्यासकट. कल्पनेचं काही नको. कल्पनेला शब्द जास्त लागतात आणि चुका त्यातच होतात. सोमवारी कच्चा निबंध, गुरुवारी तपासून परत, शुक्रवारी स्वच्छ प्रत आणि तिच्यासोबत कच्चं पानही बाईंकडे. सगळ्यात चांगली प्रत पहिल्या मजल्यावर, विदेशी विद्यार्थी कक्षाच्या दाराशेजारच्या फलकावर लागायची.

धाकटीकडे तोवर दोनशेच्या आसपास शब्द जमले होते. उठणे, जाणे, येणे, खाणे, वाजणे. ‘इस्त्री’ हा शब्द तिला ताईनेच शिकवला होता, एका संध्याकाळी, स्वतःचा भाजलेला अंगठा दाखवून. वर्गात तो दुसऱ्या कोणालाही येत नव्हता. बाईंनी त्या शब्दाखाली हिरव्या पेनाने रेघ मारून शेजारी ‘छान’ लिहिलं होतं.

शुक्रवारी दुपारी प्रत फलकावर लागली. चार कोपऱ्यांना चार टाचण्या. धाकटीने मोबाइलवर फोटो काढून वडिलांना पाठवला. कक्षातले साहेब तेव्हा दारात उभे राहून काचेच्या पेल्यातून चहा पीत होते. त्यांनी फोटो निघेपर्यंत बाजूला होऊन जागा करून दिली, आणि मग पुढे होऊन निबंध वाचायला लागले. सावकाश वाचत होते. धाकटीला बरं वाटलं.

संध्याकाळी ताई आली तेव्हा धाकटीने तिला पलंगावर बसवलं आणि बातमी सांगितली. ताईला आनंद झाला. भिंतीवर चढायला मला दोन वर्षं लागली होती, तू तर पाल निघालीस, म्हणाली. मग बूट काढता काढता तिने सहज विचारलं, कशावर लिहिलंस.

“तुझ्यावर.”

एक बूट पायात आणि एक हातात, अशी ताई थांबली. धाकटीने फोटो समोर धरला.

माझी रूममेट चौथ्या वर्षाला आहे, असं त्यात होतं. ती ५:३० ला उठते. ती चहा पिते. ती ५:५० ला बाहेर पडते. चावीवाली मावशी दार उघडते. मावशी चांगली आहे. ६ ते ८ माझी रूममेट हॉटेलात चादरींना इस्त्री करते. हॉटेल मोठं आहे. चादरी पांढऱ्या आहेत. ८:३० ला ती वर्गात बसते. संध्याकाळी ती मला नवे शब्द शिकवते. माझी रूममेट फार काम करते.

ताईने ते दोनदा वाचलं. मग मोबाइल पालथा ठेवला.

“अक्षर मात्र मोत्यासारखं आहे हो तुझं,” ती म्हणाली. “कोणालाही लागेल.”

त्यानंतर ती बराच वेळ बोलली ते अगदी शांतपणे, जणू दुसऱ्या कोणाबद्दल. शिक्क्यावर काय लिहिलंय ते तिने सांगितलं. परवाना रद्द झाला तर परीक्षेला बसता येत नाही, आणि परीक्षेला तीन आठवडे उरले आहेत. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी बाजारात भाजी विकताना सापडली होती. मंगळवारी सापडली आणि शुक्रवारी तिच्या पलंगाची गादी गुंडाळून ठेवलेली होती. धाकटीने विचारलं, तू मला हे आधी का नाही सांगितलंस. ताई म्हणाली, तू कोणाला सांगशील असं वाटलंच नाही, तुला बोलता कुठे येतं.

ठरलं ते एवढंच, की कागद काढून आणायचा. पण शिक्षणसंस्थेची इमारत शुक्रवारी पाचला बंद होते ती सोमवारी आठला उघडते. मधले दोन दिवस दोघी खोलीतच होत्या. शनिवारी ताई धोबीखान्यात गेली नाही. तब्येत बरी नाही असा निरोप पाठवला. खिडकीतून रस्त्यापलीकडची संस्था दिसत होती, पहिल्या मजल्यावरची चौथी खिडकी म्हणजे कक्ष. शनिवारी दुपारी त्या खिडकीत दिवा लागला आणि तासाभराने विझला. ताईने तो पाहिला आणि वही मिटली. सफाईवाली असेल, धाकटी म्हणाली.

रविवारी वडिलांचा फोन आला. फोटो त्यांनी अख्ख्या कारखान्याला दाखवला होता. मालकसुद्धा बघून म्हणाला, अरे, ही तर आपल्या यंत्रावरचीच अक्षरं. लिहिलंय काय, ते वडिलांना जाणून घ्यायचं होतं. धाकटीने सांगितलं, रूममेट किती वाजता उठते, किती वाजता जाते, असलं. वडील खूश झाले. अगदी पाळीच्या रजिस्टरसारखं लिहिलंयस की, म्हणाले. ताईला नमस्कार सांग, मोठी बहीण समजून राहा तिच्याजवळ.

सोमवारी आठ वाजता दार उघडलं तेव्हा धाकटी पायरीवर उभीच होती. ती धावत पहिल्या मजल्यावर गेली. फलकावर चार टाचण्या होत्या. कागद नव्हता. टाचण्या उपटून डबीत टाकलेल्या नव्हत्या. कागद काढून घेऊन परत होत्या तिथेच, चौकोनात टोचलेल्या होत्या.

दुसऱ्या तासाला शिपाई चिठ्ठी घेऊन आला. बाईंनी ती वाचली, घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली आणि तास संपेपर्यंत धाकटीला एकही प्रश्न विचारला नाही. तास संपल्यावर स्वतःच तिला घेऊन पहिल्या मजल्यावर गेल्या. जिन्यात त्यांनी धाकटीच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं.

ताईने तिला तीन वाक्यं पाठ करून दिली होती. मी नवीन आहे. मला भाषा येत नाही. मी चुकीचं लिहिलं. शनिवार-रविवारात तिने ती शंभर वेळा म्हटली होती.

साहेबांच्या टेबलावर एक फायल होती, आणि शेजारी वसतिगृहाचं रजिस्टर. साहेब उठून उभे राहिले, दोघींना खुर्च्या दिल्या. पन्नाशीचे, हळू आवाजाचे, स्वेटरच्या कोपराला ठिगळ. त्यांनी फायल उघडली. वर शुक्रवारचा निबंध होता. त्याखाली ‘माझी खोली’, त्याखाली ‘माझं कुटुंब’, त्याखाली ‘माझा रस्ता’. तिच्या सगळ्या कच्च्या निबंधांची पानं ओळीने होती. ही पानं तपासून झाली की कुठे जातात, याचा तिने कधी विचारच केला नव्हता.

मग साहेब बोलले, आणि धाकटीला त्यांचं बोलणं समजलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच समोरच्या माणसाचा एकही शब्द निसटला नाही. ते फक्त तिच्या दोनशे शब्दांतून बोलत होते. कुठले शब्द तिला येतात, हे त्यांना पानापानाने माहीत होतं.

“तुझी रूममेट पाच पन्नासला बाहेर पडते,” ते म्हणाले. “रजिस्टर म्हणतं, सात पाच. कोण चूक आहे?”

धाकटीने तीन वाक्यं म्हटली. ती कुठेही न अडखळता आली, इतकी सफाईदार, की मला भाषा येत नाही हे वाक्य स्वतःच खोटं वाटलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद बाईंकडे सरकवला आणि विचारलं, यात काही चूक आहे का.

बाईंनी चष्मा लावला. कागदावर खाली त्यांचीच सही होती आणि पैकीच्या पैकी गुण. तरी त्यांनी तो पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. धाकटी त्यांच्या हाताकडे बघत होती. हिरवं पेन त्यांच्या बोटांत होतं आणि त्याचं टोपण काढलेलं नव्हतं.

“एकही नाही,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी कागद परत फायलीत ठेवला. पुढचं त्यांनी अगदी सावकाश सांगितलं. धाकटी चांगली विद्यार्थिनी आहे. ती खरं लिहिते. असं फार थोडी मुलं लिहितात. तिने असंच लिहीत राहावं. तिच्या रूममेटची परीक्षा तीन आठवड्यांनी आहे. तोपर्यंत ही फायल टेबलावर राहील, आणि मग एकतर कपाटात जाईल किंवा वरच्या मजल्यावर, परवान्यांच्या कचेरीत. ते आता ती रोज थोडी वाचतील. एवढं बोलून त्यांनी दार उघडून धरलं, आणि दार आपटू नये म्हणून शेवटपर्यंत हात लावून बंद केलं.

संध्याकाळी वसतिगृहात चाव्यांच्या टेबलामागे एक माणूस बसला होता. शेगडी हलवलेली होती. टेबलावर नवं कोरं रजिस्टर होतं आणि वेळ लिहिण्याआधी तो माणूस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. धाकटीने विचारलं, चावीवाली मावशी कुठे आहे. हे वाक्य तिला येत होतं. तो म्हणाला, नाही. कधी येणार, तिने विचारलं. तो पुन्हा नाही म्हणाला आणि तिची चावी काढून दिली. मावशीला निवृत्त व्हायला दीड वर्ष होतं, असं ताईने वर गेल्यावर सांगितलं. निबंधातलं ‘मावशी चांगली आहे’ हे वाक्य काढलं असतं तरी चाललं असतं, असंही म्हणाली. मग म्हणाली, जाऊ दे, ते दार उघडल्याचं वाक्य आधीच होतं.

मंगळवारी बाईंनी फळ्यावर लिहायला खडू उचलला, ‘माझं शहर’ एवढं लिहिलं, आणि शिपाई आला. चिठ्ठी वाचून बाईंनी फळा पुसला. नवा विषय होता ‘माझ्या रूममेटचा आठवडा’. कच्चा निबंध नको, थेट स्वच्छ प्रत, शुक्रवारी. वर्गात अकरा मुलं होती आणि विषय सगळ्यांना होता. पण तो लिहिताना बाई फळ्याकडे तोंड करून गरजेपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या.

धाकटीचं पहिलं म्हणणं होतं, की आपण लिहायचंच नाही. आजारी पडायचं. ताई म्हणाली, एक शुक्रवार आजारी पडशील, तीन शुक्रवार पडशील का. शिवाय तू लिहिलं नाहीस तर दहा जणं आहेत वर्गात, सगळ्यांनी मला बघितलंय. मग खोटं लिहू, धाकटी म्हणाली. कशात लिहिणार, ताईने विचारलं. तुझ्याकडे सामान कुठे आहे खोटं बोलायचं.

म्हणून गुरुवारी संध्याकाळी सहाला ताई वही घेऊन बसली आणि तिने धाकटीला नवे शब्द शिकवले. वाचनालय. विश्रांती. उजळणी. नेहमीप्रमाणे. बहुतेक. हे चार महिन्यांनंतरचे शब्द होते, पण एकदोन चालतील, तू हुशार म्हणून प्रसिद्ध आहेसच, म्हणाली. ती एकेक वाक्य सांगायची, धाकटी लिहायची. ती सव्वासातला उठते. ती सात पन्नासला चावी देते. सकाळी आठ ते साडेआठ ती वाचनालयात बसते.

“वाचनालयात कुठे?” धाकटीने विचारलं.

“कुठेही लिही.”

“बाई विचारतात. कुठल्या टेबलाशी, खिडकीजवळ की दाराजवळ.”

ताईने रस्त्यापलीकडे पाहिलं. “खिडकीजवळ. तिसरं टेबल.”

“तिथून साहेबांची खिडकी दिसते.”

“मग उत्तमच. त्यांनाही मी दिसेन.”

दोघी हसल्या. लिहिलं म्हणजे आता ते करावं लागणार होतं, परीक्षेपर्यंत, रोज, घड्याळ बघून. सव्वासातला उठावं लागणार होतं, सहाला जाग आली तरी. धोबीखान्याला ताईने सोमवारीच कायमचं नाही कळवलं होतं. पंधरा तारखेनंतरचं काय, यावर ती म्हणाली, दोन आठवडे मी ब्रेड खाईन, तेवढं निबंधात येऊ देऊ नकोस. तिच्या कपड्यांचा तो गरम सुताचा वास आता येत नव्हता.

धाकटीने प्रत पूर्ण केली. अक्षर पूर्वीसारखंच होतं, हात मात्र पहिल्यासारखा जड पडला नाही. कागदाची पाठ गुळगुळीत होती. वडिलांना फोटो पाठवायचा का, असा विचार तिच्या मनात आला, पण तिने मोबाइल उचलला नाही.

ताईने गजर पाच तीसवरून काढून सात पंधरावर लावला. उद्या शुक्रवार. वसतिगृहाचं दार सातला उघडेल, सात पन्नासला ताई चावी देईल, आणि साडेआठला, वर्गाच्या खोली क्रमांक चौदामध्ये, स्वच्छ प्रत बाईंच्या टेबलावर ठेवायची आहे.